टॅबवर उशिरा आलेलं नाव

"लिहा, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'," देसाई साहेब म्हणाले.

प्रमिलाताईंनी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"ताई, चार वाजता त्या मुलीचा भाऊ येणार आहे. त्याच्या हातात मला काहीतरी द्यावं लागेल. लिहा."

मी दारातच उभी होते. मुलुंडमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबची मागची खोली. सॅम्पल ठेवायचा फ्रिज, एक टेबल, तीन खुर्च्या. टेबलावर दोन कागद. प्रमिलाताईंच्या समोरचा कोरा होता. दुसरा टाइप केलेला, आमच्या कंपनीच्या लेटरहेडवर, आणि तो माझ्यासाठी होता. सॉफ्टवेअरची प्रत्यक्ष तपासणी केली, त्यात कुठलाही दोष आढळला नाही, असा मजकूर. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी अजून काहीच तपासलं नव्हतं. नुकतीच रिक्षातून उतरले होते.

आधी कोण कोण ते सांगते. देसाई साहेब हे या लॅबचे ऑपरेशन्स मॅनेजर. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली धरून लॅबची सहा सेंटर्स, सगळी त्यांच्या हाताखाली. प्रमिलाताई मुलुंडच्या काउंटरवर, अठरा वर्षं. रक्त कोणी दिलं, रिपोर्ट कधी येणार, कोणाला पाठवायचा, हे सगळं त्यांच्याकडे. मी अंधेरीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर. लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर आम्ही नव्याने लिहिलं होतं आणि अकरा दिवसांपूर्वी सहाही सेंटर्सवर चालू केलं होतं.

आणि झालं होतं ते असं. एका तरुण मुलीचा रिपोर्ट तिला न जाता दुसऱ्याच माणसाच्या फोनवर गेला. तो माणूस तिच्याच कॉम्प्लेक्समधला. त्याने फाइल उघडली, आत नाव वेगळं दिसलं, आणि ती तशीच्या तशी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'चुकून माझ्याकडे आलंय, कोणाचं आहे?' ग्रुपवर दोनशे माणसं. कसला रिपोर्ट होता ते मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आहे.

मी खुर्ची ओढून बसले. "सर, सही करण्याआधी मला एकदा बघू द्या."

"बघायचं काय त्यात? तुमच्या नीलेश सरांनी सकाळीच सांगितलंय, लॉग क्लीन आहेत."

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी. कोणी कधी काय उघडलं, सर्व्हरने काय दिलं, याची नोंद. ती खरंच क्लीन होती. त्या दिवशी सर्व्हरने प्रत्येक वेळी बरोबर माणसाचा बरोबर रिपोर्ट दिला होता. चूक त्याच्यापुढे झाली होती, आणि पुढे बसल्या होत्या प्रमिलाताई.

"लॉग सर्व्हरचे आहेत," मी म्हटलं. "ताई काय करतात ते त्यात येत नाही."

"तेच तर. ताईंनी केलं ते चुकलं."

प्रमिलाताई पहिल्यांदा बोलल्या. "मी नाव बघूनच धाडलं, साहेब. देवाशप्पथ. त्याच माणसाचं नाव होतं फाइलीवर."

"मग आत दुसऱ्याचा रिपोर्ट कसा गेला? फाइलने स्वतःहून बदलला?"

ताईंनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्याकडून कबुली लिहून घेणं फार सोपं असतं. मी हे बऱ्याच ऑफिसांत पाहिलंय. मला तो टाइप केलेला कागद बघून डोकं तापत होतं. पण रागाने सॉफ्टवेअर दुरुस्त होत नाही. मी घड्याळ बघितलं. सव्वादोन.

"ताई, तुम्ही रिपोर्ट पाठवता कसा ते मला दाखवा. रोज करता तस्संच."

"आता?" देसाई साहेब.

"पंधरा मिनिटं द्या, सर."

काउंटरवर दोन पेशंट बसले होते. ताईंनी त्यांना "हां, दोन मिनटं" सांगितलं आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. डाव्या बाजूला आजची नावांची यादी, उजवीकडे रिपोर्ट. खाली 'पुढचा' असं बटन. त्यांनी पहिला रिपोर्ट उघडला आणि कंट्रोल-पी दाबलं. प्रिंट करायची खिडकी उघडली. प्रिंटरऐवजी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडलेलं होतंच. एंटर. फाइलचं नाव विचारणारा चौकोन आला, त्यात पेशंटचं नाव आधीच लिहिलेलं. पुन्हा एंटर. मग 'पुढचा'. सगळं चार सेकंदांत.

"थांबा, थांबा. हे नाव तुम्ही टाइप केलंत?"

"नाय गो. ते आपोआप येतं."

"आणि 'रिपोर्ट पाठवा' हे बटन दिलंय आम्ही, ते?"

ताई हसल्या, त्या दिवशी एकदाच. "ते दाबलं की पेशंटला लिंक जाते. लिंक उघडली की ओटीपी मागते. ओटीपी आला की म्हाताऱ्या माणसाला वाटतं बँकेवाला चोर आला. मग मला फोन. सहाही सेंटरमधे कोण दाबत नाय ते बटन. दहा फाइली झाल्या की फोल्डर उघडायचं आणि नाव बघून एकेकाला व्हॉट्सॲप करायचं."

मी वरच्या टॅबकडे बघितलं. कारण ते आपोआप येणारं नाव कुठून येतं ते मला माहीत होतं.

ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीवर प्रत्येक टॅबला एक नाव असतं. त्याला पेज टायटल म्हणतात. कुठलंही पान पीडीएफ म्हणून सेव्ह केलं की ब्राउझर फाइलला तेच टायटल नाव म्हणून सुचवतो. जुन्या पद्धतीच्या वेबसाइटवर हे बिनधोक होतं. तिथे प्रत्येक क्लिकला अख्खं नवं पान यायचं आणि आपलं टायटल सोबत घेऊनच यायचं. पान आणि नाव जोडीने. आमचं नवं सॉफ्टवेअर सिंगल-पेज ॲप्लिकेशन होतं. म्हणजे पान एकदाच लोड होतं, नंतर फक्त आतला मजकूर बदलत राहतो. काम भराभर होतं. पण ब्राउझरच्या लेखी तुम्ही त्याच पानावर बसलेले असता, त्यामुळे टायटल आपणहून बदलत नाही. ते प्रोग्रामरला बदलावं लागतं.

ते बदलणाऱ्या दहा ओळी मी लिहिल्या होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी, घरी निघण्याआधी. त्या कामाला आमच्या यादीत नाव होतं 'टॅबवर पेशंटचं नाव दाखवणे', आणि पुढे लिहिलं होतं: प्राधान्य कमी.

"ताई, सेव्ह करताना आत कोणाचा रिपोर्ट आहे ते दिसतं ना छोट्या चित्रात?"

"दिसतं. पंज्याएवढं पान आणि मुंगीएवढं नाव. आणि ते बघ."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. लॅमिनेट केलेली सूचना: काउंटरवरील कर्मचाऱ्यांनी पेशंटचे रिपोर्ट वाचू नयेत.

"दोन वर्षांपूर्वी बोरिवलीच्या मुलीने एका बाईचा रिपोर्ट तिच्या सासूला वाचून दाखवला. तेव्हापासून. मी वाचत नाय कोणाचा. नजर फाइलीच्या नावावर ठेवायची नि पुढे जायचं."

देसाई साहेब मागे उभे होते. ती सूचना त्यांच्याच सहीची होती.

मी ताईंच्या खुर्चीत बसले आणि करून बघायला लागले. रिपोर्ट उघड, टॅब बघ, प्रिंट, पुढचा. नाव बरोबर. पुन्हा बरोबर. बारा वेळा केलं, बाराही वेळा बरोबर. मी ऑफिसला जोसेफला फोन लावला. जोसेफ आमचा टेस्टर. आम्ही लिहिलेलं मोडून दाखवणं हेच त्याचं काम आणि त्यात तो वाकबगार आहे.

"जोसेफ, रिपोर्टच्या पानावर टायटल चुकतंय का बघ. 'पुढचा' दाबून."

दहा मिनिटांनी त्याचा फोन. "चाळीस वेळा केलं यार. एकदम झकास चाललंय. आपल्याकडे होत नाही."

'आपल्याकडे होत नाही.' आमच्या धंद्यात ह्या वाक्याने जितकी माणसं खोटी ठरवली गेली असतील तितकी कोर्टातही ठरली नसतील.

देसाई साहेबांनी तो टाइप केलेला कागद आणून काउंटरवर माझ्यासमोर ठेवला आणि घड्याळाकडे बोट केलं. पावणेतीन. "झालं समाधान? करताय सही?"

मी पेन उचललं हे मी कबूल करते. माझ्यासमोर बारा बरोबर टायटल्स होती, जोसेफची चाळीस होती, आणि माझ्याकडे फक्त एका बाईचा शब्द होता. पुराव्यांची बेरीज केली तर सही व्हायला हवी होती.

तेवढ्यात ताईंनी माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघितलं. "असं एकेक करत नाय मी. तू फार सावकाश चालवतेस."

"मग कसं?"

"ऊठ."

त्या बसल्या. यादीतल्या काही नावांपुढे पिवळा ठिपका होता, म्हणजे तपासणी अजून चालू आहे, रिपोर्ट तयार नाही. ताईंचा हात माउसवर, नजर यादीवर. तयार रिपोर्ट आला की प्रिंट. पुढचा पिवळा दिसला की टक-टक, 'पुढचा' दोनदा. पिवळ्याला ओलांडून पलीकडे. त्याच्यावर थांबायचं कशाला, त्याचा रिपोर्टच नाही.

टक-टक. आत एका बाईंचा शुगरचा रिपोर्ट उघडला. टॅबवरही त्यांचंच नाव आलं. आणि सेकंदाभराने, माझ्या डोळ्यांसमोर, टॅबवरचं नाव बदललं. तिथे आलं ओलांडलेल्या माणसाचं नाव. आत रिपोर्ट त्या बाईंचा, वर नाव दुसऱ्याचं.

"ताई, हात तिथेच ठेवा. आता कंट्रोल-पी करा."

त्यांनी केलं. फाइलच्या चौकोनात त्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहून आलं. अगदी नीट, स्पेलिंगसकट.

ताईंनी त्या चौकोनातलं नाव वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माका भास होत नव्हतो."

काय होत होतं ते सांगते. तुम्ही 'पुढचा' दाबलं की ॲप सर्व्हरकडे जणू एक माणूस धाडतं: जा, पेशंटचं नाव घेऊन ये. दोनदा दाबलं की दोन माणसं निघतात. तयार रिपोर्टवाला लगेच परत येतो. पण तयार नसलेल्या रिपोर्टच्या बाबतीत सर्व्हर आधी तपासणीच्या मशीनला विचारतो, झालं का, किती वेळ लागेल, आणि मग उत्तर देतो. तो माणूस रेंगाळतो. आधी निघालेला नंतर पोचतो. आतल्या मजकुराच्या दारावर आमच्याच एका सहकाऱ्याने पहारा ठेवला होता: आत्ता कोणता पेशंट उघडा आहे बघ, त्याचं नसेल तर आत घेऊ नकोस. माझ्या दहा ओळींत पहारा नव्हता. जो शेवटी येईल तो पाटीवर आपलं नाव लिहून जाणार. जोसेफला ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या टेस्टिंगच्या यादीत सगळे रिपोर्ट तयार होते. एकही पिवळा ठिपका नव्हता. खऱ्या लॅबमध्ये निम्मी यादी पिवळी असते, हे आमच्यापैकी एकानेही येऊन बघितलं नव्हतं.

मी बाहेर जाऊन जिन्यात नीलेश सरांना फोन लावला. नीलेश सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल तर स्वतः फोन करून सुट्टी घे म्हणणारा.

मी सगळं सांगितलं.

"देसाईंना सांगितलंस?"

"अजून नाही. पण त्यांच्यासमोरच झालं. त्यांना कळलंय का माहीत नाही."

"सांगू नकोस. ऐक माझं. तासाभरात फिक्स करून टाकतो. तू सही कर."

"दोष आढळला नाही म्हणून?"

"'सध्या' शब्द घाल. सध्या दोष आढळला नाही. साडेतीनला दुरुस्तीचा पॅच गेला की ते खरंच होईल ना."

"सर, आत एक बाई माफीनामा लिहायला बसलीये. ती सही झाली की उद्यापासून तिची नोकरी नाही. चूक माझ्या कोडची आहे."

"तुझ्या कोडची नाही, कंपनीच्या कोडची. आणि हे कागदावर गेलं तर लॅब काँट्रॅक्ट तोडेल. या प्रोजेक्टवर सहा जण आहेत. जोसेफच्या घरी कमावणारा तो एकटा आहे. त्याचाही विचार कर."

जोसेफ रोज गोराईहून होडीने येतो, मग बस, मग चालत. त्याच्या डब्यातला मासा आम्ही सगळे खातो.

"सहा जणांची नोकरी वाचवायला सातवीची घालवायची, असंच ना सर?"

"प्रज्ञा, पत्रकबाजी नको. हे ऑफिस आहे, मोर्चा नाही."

ऑफिसात मला सगळे पत्रकवाली म्हणतात. घरी चळवळीच्या पुस्तिका, हँडबिलं यांच्या ढिगातच वाढले, त्यामुळे मी ते शिवी म्हणून घेत नाही. पण त्या क्षणी माझ्याकडे एकही तडफदार वाक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मी खोट्या कागदावर सही करणार नाही. तुम्ही दुसऱ्याला पाठवा. तो येईपर्यंत मी खरा कागद लिहिलेला असेल." आणि फोन ठेवला.

आत गेले. देसाई साहेबांना सगळं सांगितलं, वर जसं लिहिलंय तसंच, माणसं धाडण्याच्या गोष्टीसकट. मला वाटलं होतं ते आमच्यावर भडकतील. मी तयारी करून गेले होते.

ते भडकले नाहीत. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हे मला सांगायला नको होतंत."

"का?"

"मॅडम, एका बाईची चूक असेल तर एक माफीनामा, विषय संपला. सॉफ्टवेअरची चूक असेल तर सहा सेंटर, अकरा दिवस. आणखी किती रिपोर्ट चुकीच्या घरी गेलेत, मला काय माहीत? उद्या कोणी विचारलं तर काय सांगू?"

तेव्हा मला ते दोन कागद नीट कळले. आमच्या कंपनीला चूक ताईंची हवी होती आणि लॅबलाही ती ताईंचीच हवी होती. दोघांत वैर नव्हतं, करार नव्हता, एकमेकांशी बोलणंसुद्धा झालं नव्हतं. पण चूक लहान राहावी, एकाच खुर्चीत मावावी आणि त्या खुर्चीतल्या माणसाबरोबर उठून जावी, यावर दोघांचं न बोलता एकमत होतं.

"सर, उद्या कोणी विचारायच्या आधी आपणच बघूया," मी म्हटलं. "ताईंच्या फोल्डरमध्ये अकरा दिवसांच्या फाइली आहेत. फाइलचं नाव एक आणि आतलं नाव दुसरं, अशा किती ते आत्ता कळेल."

ताई म्हणाल्या, "मी नाय उघडणार. मनाई आहे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच नियम सांगत होत्या. देसाई साहेबांनी भिंतीवरच्या आपल्या सहीकडे बघितलं आणि म्हणाले, "उघडा. फक्त नाव बघा. मी सांगतोय."

मी पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक फाइल उघडून पहिल्या पानावरचं नाव वाचणार आणि फाइलच्या नावाशी ताडून बघणार. चालवला. काउंटरच्या पलीकडे कोणीतरी विचारत होतं, उपाशीपोटी यायचं की नाश्ता करून. सव्वातीन झाले होते.

चार नावं आली. त्यातलं एक त्या मुलीच्या प्रकरणाचं. तीन नवी.

तिसऱ्या नावावर ताईंनी बोट ठेवलं. "हे भांडुपचे आजोबा. ह्यांचा रिपोर्ट तर मी पाठवला. आठवतं मला. दुपारी त्यांचा तयार झाला तेव्हा सेव्ह करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला, या नावाची फाइल आधीच आहे. मला वाटलं सकाळी झालेला दिसतोय. मी कॅन्सल केलं."

सकाळची फाइल दुसऱ्याचीच होती. आजोबांचा स्वतःचा रिपोर्ट कधी त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. देसाई साहेबांनी तो उघडला, आणि ह्या वेळी नाव बघून थांबले नाहीत, पूर्ण वाचला. किडनीचा आकडा बराच वाढलेला होता. ताबडतोब फोन करावा इतका नाही, पण आठवडाभर डॉक्टरकडे जाऊ नये असाही नाही. आणि आठवडा होऊन गेला होता.

त्यांनी स्वतः फोन लावला. स्पीकरवर.

"आजोबा, लॅबमधून बोलतोय. तुम्हाला आम्ही रिपोर्ट पाठवला होता..."

"हो हो, मिळाला की. जास्त-कमी असलं की बोल्ड अक्षरात येतं ना, तसं काही नव्हतं त्यात. मी सगळ्यांना सांगून टाकलं, आपण ठणठणीत. मुलाला पण कळवलं."

देसाई साहेबांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाले, "आजोबा, तो तुमचा नव्हता. आमच्याकडून चूक झाली. आज संध्याकाळीच डॉक्टरांना भेटा. खरा रिपोर्ट घेऊन माझा माणूस घरी येतोय."

फोन ठेवल्यावर त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापासून ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "तुमचा लिहा," म्हणाले. "मराठीत लिहा. त्या भावाला वाचता आलं पाहिजे."

मी लिहिलं. एक पान. टॅबवरचं नाव उशिरा बदलत होतं, ते फाइलला लागत होतं, ही चूक सॉफ्टवेअरची आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. सहाही सेंटर्सच्या अकरा दिवसांच्या फाइली आज तपासून होतील. प्रत्येक चुकीच्या ठिकाणी गेलेल्या रिपोर्टबद्दल त्या त्या माणसाला फोन जाईल. खाली सही केली. लिहिताना 'खेद' हा शब्द दोनदा आला होता, मी एक खोडला.

ताई मागच्या खोलीत त्या कोऱ्या कागदासमोर जाऊन बसल्या होत्या.

"तुम्हाला आता लिहायची गरज नाही," देसाई साहेब म्हणाले.

"निष्काळजी नाय लिहिणार," त्या म्हणाल्या. "पण धाडलं माझ्या हातांनी. त्या पोरीला दोन शब्द लिहिते मी. लॅबच्या वतीने नाय, माझ्या वतीने."

चार वाजता भाऊ आला. सव्वीस-सत्तावीसचा, माझ्याच वयाचा. माझं पत्र त्याने उभ्याने वाचलं, दोनदा. मला विचारलं, "तुम्ही लिहिलंय हे सॉफ्टवेअर?" मी हो म्हटलं. मला वाटलं हात उचलेल. त्याने पत्र घडी करून ठेवलं. "निदान कोणीतरी हो म्हणालं," म्हणाला. ताईंची चिठ्ठी त्याने उघडली नाही, बहिणीसाठी तशीच घेऊन गेला. ती मुलगी मला कधी भेटली नाही. ग्रुपवरून फाइल काढून टाकली गेली, पण दोनशे माणसांच्या डोक्यातून काढायचं बटन कोणी अजून लिहिलेलं नाही.

दुरुस्ती पस्तीस मिनिटांची होती. मी जोसेफला फोनवर सांगत गेले, तो तिकडे ऑफिसात करत गेला. 'पुढचा' दाबल्याक्षणी टायटल पुसून 'लोड होत आहे' करायचं. जुन्या माणसाचं उत्तर आलं तर दारातूनच परत पाठवायचं. आणि आतला मजकूर व वरचं टायटल एकाच उत्तरातून घ्यायचं, वेगवेगळ्या नाही, म्हणजे ते एकमेकांपासून फुटूच शकत नाहीत. फाइलच्या नावात पेशंटच्या नावाबरोबर रिपोर्ट नंबर आला. पुढच्या काही दिवसांत ओटीपीवालं बटन काढलं आणि ताई करतात तेच एका क्लिकमध्ये करणारं बटन दिलं, ज्यात कोणाच्याही नजरेवर किंवा टायटलवर काही अवलंबून नाही. बाकीच्या पाच सेंटर्सवर आणखी सात चुकीच्या फाइली निघाल्या. सातही फोन देसाई साहेबांनी केले.

प्रमिलाताईंची नोकरी राहिली. भिंतीवरची सूचना बदलली; आता लिहिलंय, 'पाठवण्यापूर्वी आतील नाव तपासावे, इतर काही वाचू नये'. काँट्रॅक्टही राहिलं, जोसेफ अजून येतो. देसाई साहेब नीलेश सरांना म्हणाले म्हणे, तुमच्यातल्या एकीने निदान खरं सांगितलं, दुसरी कंपनी आणली तर तिचं खोटं मला कळणारसुद्धा नाही. मला मात्र त्या प्रोजेक्टवरून काढलं. कारण लेखी दिलं नाही.

आता नव्या प्रोजेक्टवर मी पहिले दोन दिवस कोडला हात लावत नाही. ज्याच्या टेबलावर ते सॉफ्टवेअर चालणार त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसते आणि तो किती वेळा, किती घाईत, कुठली बटनं दाबतो ते बघते. नीलेश सर याला वेळ फुकट घालवणं म्हणतात. टाइमशीटमध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून मी ते 'टेस्टिंग' खाली भरते.